अम्माचा प्रश्न लोकसभेत पोचवताना

दरवर्षी नोव्हेंबरात अम्माचा, म्हणजे माझ्या आईचा, हयातीचा दाखला काढायला मीच नेते तिला. पेन्शन चालू राहायची तर माणूस जिवंत आहे हे वर्षातून एकदा दाखवावं लागतं आणि त्याला पूर्वी अंगठा लावावा लागायचा. आता अम्माचा अंगठा मशीनवर उमटत नाही. नऊ-दहा वर्षांची असल्यापासून तिनं तेंदूपत्ता कातरलाय, विड्या वळल्यात, दोरा ओढलाय, बोटांची टोकं घासून काचेसारखी गुळगुळीत झालीत. गेल्या वर्षी सेंटरवरच्या पोराने दहाही बोटं लावून बघितली, ओलं फडकं लावून बघितलं, शेवटी तिला दारात उजेडात उभी करून मोबाईलवर चेहरा स्कॅन केला, तिला पापण्या मिटायला सांगितलं आणि मग झालं एकदाचं. नंतर त्याने सहज विचारलं, ताई पेन्शन किती येते आजींना. मी म्हटलं हजार. तो म्हणाला, हजारच? बाकी काही बोलला नाही, पण तो 'हजारच' मला घरी येईपर्यंत डोक्यात राहिला.

आधी हा हजार कुठून येतो ते सांगते, कारण सोलापूरजवळच्या आमच्या विडी कामगारांच्या घरकुलात निम्म्या बायकांना हे माहीत नाही आणि मलाही नीट माहीत नव्हतं. विडी कामगारांना पीएफ आहे, १९७७ पासून आहे. बाकी बहुतेक उद्योगांना १२ टक्के कापतात, विडीला १०. कामगाराचे १० आणि मालकाचे १०, आणि मालकाच्या दहातले ८.३३ पेन्शन फंडात जातात, म्हणजे ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेत. पेन्शनचा हिशोब असा की शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. अम्माचा धरलेला पगार ३००० आणि रेकॉर्डवरची वर्षं १८. खरी वर्षं चाळीसच्या पुढं आहेत पण आधी ती आजीच्या कार्डावर वळायची, नंतर मधली काही वर्षं नोंदच नाही, कारखान्याचं नाव इथं घेत नाही. तर ३००० गुणिले १८ भागिले ७० म्हणजे ७७१ रुपये. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १००० केली म्हणून वरचे २२९ सरकार घालतं आणि हजार पुरे होतात. तेव्हापासून तो हजार हजारच आहे.

मी स्वतः एका टॉवेल-चादरीच्या व्यापाऱ्याकडे अकाउंट्स बघते, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. महिन्याचं जीएसटी रिटर्न माझ्याकडेच. त्यामुळे सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कौन्सिलची ती मोठी मीटिंग झाली तेव्हा रेटची यादी मी ओळ न ओळ वाचली, आमच्या मालासाठी वाचत होते आणि मधेच विडी दिसली. विडीवर २८ होता तो १८ करायचं ठरलं, तेंदूपत्त्यावर १८ होता तो ५. ऑफिसात चर्चा झाली की चला विडीवाल्यांना दिलासा. मी मनात म्हटलं विडीवाले म्हणजे कोण नक्की, मालक की ओढणारे की अम्मा. कारण कर २८ झाला तेव्हाही अम्माच्या मजुरीत काही वाढलं नव्हतं आणि आता १८ होताना तिच्या हातात काय येणार हे त्या यादीत कुठंच नव्हतं.

त्या रात्री जेवताना मी अम्माला हे सांगितलं तर ती म्हणाली, पहिलं आमचे हजारामागं पाच कापत होते दवाखान्याचे. मला वाटलं ती काहीतरी युनियनच्या वर्गणीचं बोलायलीय. पण नाही, ते खरंच होतं. १९७६ चा कायदा आहे, विडी कामगार कल्याण उपकर. हजार विड्यांमागे ५ रुपये सेस, तो कापला जायचा कारखानदाराकडून, मजुरीतनं नाही, पण बायकांच्या डोक्यात ते 'आमचे पाच' असंच आहे आणि मला ते बरोबर वाटतं. त्या पैशांतनं विडी कामगारांचे दवाखाने, पोरांना स्कॉलरशिप, घरं. मी स्वतः सातवीपासून ती स्कॉलरशिप घेतलीय, अम्माच्या विडी कार्डावर. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा बाकीच्या बऱ्याच सेसबरोबर हा पण गेला. विडी एकदम २८ टक्क्यांत गेली आणि ते पाच रुपये, ज्याच्यावर अम्माचं नाव होतं, ते मोठ्या खात्यात विरघळून गेले.

ज्या घरात बसून आम्ही हे बोलत होतो ते घर पण त्याच पैशांतलं आहे हे लिहिलंच पाहिजे. कुंभारीचं गोदूताई परुळेकर घरकुल, दहा हजार घरं, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते चाव्या द्यायला. केंद्राचे २० हजार, राज्याचे २० हजार आणि बाईचे स्वतःचे २० हजार असा हिशोब होता. अम्मानं तिचे वीस हजार कसे जमवले ते वेगळं लिहावं लागेल. विडी कामगारांचे नेते आडम मास्तर तीन वेळा आमदार होते, मोर्चे किती निघाले त्याला गणती नाही, मी लहानपणी अम्माच्या कडेवर बसून दत्त नगरच्या लाल बावट्याच्या ऑफिसात गेलेली आहे. नंतर तिथंच पलीकडं रे नगर झालं, ३० हजार घरांचं, त्यातल्या पहिल्या १५ हजारांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये मिळाल्या. सांगायचं काय, तर आमच्याकडं बायकांना मागायचं माहीत आहे. फक्त रस्त्यावर मागणं वेगळं आणि सभागृहात प्रश्न लागणं वेगळं, आणि दुसरं कसं होतं हे मला अजिबात माहीत नव्हतं.

माझ्या मैत्रिणीचा भाऊ एका खासदारांच्या ऑफिसात पीए आहे. कोणते खासदार ते सांगत नाही, आमच्या मतदारसंघातले नाहीत, आणि नाव घेतलं की लोक पक्षावर येतात, मूळ गोष्ट बाजूला राहते. त्याला फोन केला. तो म्हणाला कुठलाही खासदार कुठलाही प्रश्न विचारू शकतो ताई, मतदारसंघाचाच पाहिजे असं नाही, तुम्ही लिहून पाठवा, मी साहेबांना दाखवतो.

मी चार पानं लिहिली. दोन रात्री लागल्या. अम्माची बोटं, हजार रुपये, सेस, घरकुल, शेजारच्या मावशीचा दम्याचा खर्च, सगळं. पाठवलं तर त्याचा फोन आला, अगदी आदरानं बोलला तो. म्हणाला, ताई वाचून मला पण वाईट वाटलं, पण यात सरकारनं उत्तर काय द्यायचं ते सांगा. प्रश्न १५० शब्दांत बसायला पाहिजे. त्यात युक्तिवाद चालत नाही, अनुमान चालत नाही, टोमणा चालत नाही, कुणावर आरोप चालत नाही. नियमच आहेत तसे, लोकसभा सचिवालयात प्रश्न तपासला जातो आणि नियमात नसला तर तो स्वीकारतच नाहीत. मी लिहिलं होतं, 'हजार रुपयांत म्हातारी बाई कशी जगेल याचा सरकारने विचार केला आहे काय', ते गेलं. 'कामगारांच्या हक्काचा पैसा सरकारने गिळला', ते तर गेलंच.

मग मी ऑफिस सुटल्यावर रोज अर्धा तास त्याच्यावर बसायला लागले. चार पानांचे १५० शब्द करताना मला एक गोष्ट कळली की माझ्याकडे राग भरपूर होता पण प्रश्न तीनच होते. सेस बंद झाल्यावर त्या योजनांसाठी दर वर्षी किती पैसे ठेवले आणि किती खर्च झाले. ईपीएस-९५ मध्ये हजार किंवा त्याच्या आत पेन्शन घेणारे विडी कामगार किती. आणि २०१४ पासून किमान पेन्शन का वाढली नाही. चौथा मी नंतर घातला, राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्येच किमान पेन्शन ३००० करा असं सांगितलं होतं त्याचं काय झालं. त्या समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी होते, तेच नंतर आपल्याकडे राज्यपाल म्हणून आलेले. मला हे वाचून धक्का बसला होता, २०१३ ला ३००० म्हटलेलं आणि मिळाले १००० आणि तेही वर्षभरानं.

पाचवा प्रश्न खरा माझा होता. विडीवरच्या जीएसटीतनं जमा होणाऱ्या पैशांतला ठरावीक वाटा विडी कामगारांसाठी वेगळा ठेवणार का, आणि आता कर २८ वरून १८ करताना त्याचा फायदा मजुरीत उतरावा म्हणून काही अट घातलीय का. हा पाचवा पाठवल्यावर पीए म्हणाला, ताई हा इथं बसत नाही. जीएसटी अर्थ मंत्रालय, पेन्शन आणि कल्याण योजना कामगार मंत्रालय. एक प्रश्न एकाच मंत्र्याला जातो. दोन्ही एकात घातलं तर एक तर तो उडतो नाहीतर निम्मा प्रश्न भलत्याच खात्याकडे जातो आणि ते म्हणतात हे आमच्याकडं नाही.

इथं मी खूप वेळ अडकले. कारण माझं म्हणणं नेमकं त्या दोघांच्या मधलंच आहे. सेस होता तेव्हा कर आणि कामगार एकाच कायद्याने बांधलेले होते, हजार विड्या वळल्या की पाच रुपये आणि ते पाच रुपये कशाला वापरायचे ते पण ठरलेलं. आता कर एका खात्यात आणि योजना दुसऱ्या खात्यात, आणि मधला जो धागा होता त्याच्याबद्दल विचारायला धड खिडकीच नाही. अम्मा दिवसाला हजार विड्या वळायची. म्हणजे पाचाच्या दरानं दिवसाचे पाच रुपये तिच्या हातनं त्या फंडात पडायचे, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर सव्वाशे. हा आकडा मी मुद्दाम काढला कारण मला कुणी सांगू नये की तिला मिळणारे वरचे २२९ म्हणजे दया आहे.

शेवटी दोन प्रश्न केले. एक कामगार मंत्रालयाला, एक अर्थ मंत्रालयाला.

खासदार साहेबांना एकदाच भेटले, दहा मिनिटं, ते कशासाठी तरी सोलापुरात आले होते तेव्हा सात रस्त्याजवळ. त्यांनी दोन्ही कागद वाचले, आणि एकच विचारलं, तुमची मागणी विडीवरचा कर कमी करा अशी आहे का. मी म्हटलं नाही साहेब. तंबाखूनं काय होतं ते आमच्या घराला माहीत आहे, अम्माला विडी न ओढता खोकला आहे, तंबाखूची धूळ नाकात जाऊन जाऊन. कर हवा तेवढा लावा, वाढवा पण, लोकांनी विडी सोडली तरी चालेल. पण ज्या बायकांनी वळली त्यांच्या म्हातारपणाचा वाटा त्या करातनं नाव लावून बाजूला काढा आणि पोरींना दुसरं काम द्या. त्यांनी मान हलवली आणि पीएला सांगितलं की नोटीस टाका. कर कमी करा म्हणणारे त्यांच्याकडं भरपूर येत असणार, म्हणून त्यांनी विचारलं असेल.

पुढचं माझ्या हातात काही नव्हतं. नोटीस कमीत कमी पूर्ण पंधरा दिवस आधी द्यावी लागते. मग सगळ्या खासदारांच्या नोटिसांची चिठ्ठी निघते, बॅलट. ज्यांचा नंबर वर लागतो असे वीस प्रश्न एका दिवसाला तारांकित होतात, त्यांना मंत्री उभं राहून तोंडी उत्तर देतो आणि खासदार उलट विचारू शकतो. बाकी २३० अतारांकित, त्यांना लेखी उत्तर. आणि जे यात पण बसत नाहीत ते संपले, पुढच्या वेळी परत टाकायचे. मला वाटायचं खासदार उठतो आणि विचारतो. टीव्हीवर ११ ते १२ जे दिसतं ते त्या वीसातलेच, आणि वीसचे वीस पण त्या तासात होत नाहीत.

आमचा अर्थ मंत्रालयाचा प्रश्न चिठ्ठीत आलाच नाही. कामगारांचा आला, अतारांकित. मी जरा हिरमुसले, कारण तोंडी असता तर उलट प्रश्न विचारता आला असता आणि मी चार उलट प्रश्न लिहून ठेवले होते. पीए म्हणाला ताई लेखी पण वाईट नसतं, मंत्र्याला तोंडी टाळता येतं, लेखीत आकडा तरी द्यावा लागतो.

सोमवार होता. मी ऑफिसात बसून दुपारी संसदेच्या वेबसाईटवर सारखं रिफ्रेश करत होते, त्या दिवशी पर्चेसच्या दोन एंट्र्या चुकल्या माझ्या. उत्तर आलं ते दोन पानांचं आणि एक तक्ता. पहिल्या भागात सांगितलं होतं की जीएसटी आल्यावर सेस बंद झाला आणि योजना आता बजेटमधून चालतात, आरोग्य आहे, पोरांना वर्षाला १००० ते २५,००० स्कॉलरशिप आहे. किमान पेन्शनबद्दल असं की ईपीएस-९५ च्या फंडात मालकाचे ८.३३ टक्के आणि १५,००० पर्यंतच्या पगारावर केंद्राचे १.१६ टक्के येतात, सगळी पेन्शन त्याच फंडातनं दिली जाते, आणि ३१ मार्च २०१९ च्या मूल्यांकनात फंडात तूट दिसलीय. तूट असूनही सरकार बजेटमधून मदत करून किमान १००० देतंय. विडी कामगारांचा वेगळा आकडा त्यात नव्हता. आणि शेवटी एक ओळ, प्रश्न उद्भवत नाही.

ती शेवटची ओळ मी कितीतरी वेळा वाचली. सरकारी भाषेत त्याचा अर्थ वरच्या भागाचं उत्तर नाही असं आहे म्हणून खालच्याचं द्यायची गरज नाही, एवढाच आहे, पीएनं समजावून सांगितलं. तरी पण ते शब्द वाचून घशात काहीतरी आलं.

पण नीट वाचलं तर त्यात काम करण्यासारखं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी शांतपणे वाचल्यावर कळलं. तूट आहे असं ते म्हणतात, ठीक आहे, मी अकाउंटवाली आहे, तूट मला कळते. फंडात येतं पगाराच्या टक्क्यानं. विडीचा पगारच एवढा कमी दाखवलेला की ८.३३ टक्के म्हणजे महिन्याला अडीचशे रुपये. मग पेन्शन कुठून वाढणार. म्हणजे नुसत्या फंडातनं विडी कामगाराला पुरेल एवढी पेन्शन कधीच निघणार नाही, त्याला बाहेरून पैसा लागणारच, आणि बाहेरून म्हणजे कुठून, तर जी वस्तू तिनं बनवली तिच्यावरच्या करातनं. सेसचा विचार १९७६ मध्ये ज्यांनी केला त्यांना हे बरोबर कळलं होतं असं माझं मत झालं.

संध्याकाळी अम्माला आणि गल्लीतल्या सहा-सात बायकांना ओट्यावर बसून उत्तर वाचून दाखवलं. आमच्यात घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि उत्तर इंग्रजीत, त्यामुळे एक ओळ वाचायची, तेलुगूत सांगायची, मग शेजारच्या मराठी मावशीसाठी परत मराठीत. दोन जणी हात चालू ठेवून ऐकत होत्या, सूप मांडीवर, पत्ता, तंबाखू, दोरा, वर बघत पण नव्हत्या. तूट, मूल्यांकन हे सांगताना मला शब्द सापडेनात. सगळं ऐकून झाल्यावर अम्मा म्हणाली, एंत वस्तदी? म्हणजे किती येणार. मी म्हटलं हजारच अम्मा.

शेजारची मावशी म्हणाली, मग लाडक्या बहिणीला दीड हजार कसं देतंय सरकार, आणि संजय गांधीचे पण दीड हजार हायत. तिच्या बोलण्यात लाडक्या बहिणीवर राग नव्हता, तिच्या सुनेलाच मिळतात ते आणि त्यावर घर चालायला मदत होते. तिला एवढंच कळत नव्हतं की आयुष्यभर कारखान्याला विड्या देऊन, छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे सोडून, पीएफ कापून घेऊन जे मिळतं ते त्याच्यापेक्षा कमी कसं. मला पण याचं उत्तर देता आलं नाही. एक राज्याचं, एक केंद्राचं, एक अनुदान, एक पेन्शन, असं मी सांगायला लागले आणि मधेच थांबले, कारण तिला ते माहीत होतं, ती ते विचारतच नव्हती.

सूप घेऊन बसलेली एक जण, सगळ्यात लहान, तिशीतली असेल, ती पहिल्यांदा वर बघून म्हणाली, ताई, आमची संख्या नाही म्हणाले ना त्यांनी, मग आपण मोजू की. त्या रविवारपासून आम्ही तेच करायलोय. ती आणि मी. घरोघर जाऊन पेन्शनवाल्या बायकांची पासबुकं बघायची, रेकॉर्डवरची वर्षं किती आणि खरी किती, पेन्शन किती, शेवटचा धरलेला पगार किती, एवढं चार रकान्यांत. काही जणी पासबुक दाखवायला घाबरतात, पेन्शन बंद होईल म्हणून, त्यांच्याकडं दोनदा जावं लागतं. काहींना पेन्शनच नाही, दहा वर्षं भरली नाहीत रेकॉर्डवर, त्यांच्यासाठी पाचवा रकाना केला.

अर्थ मंत्रालयाचा प्रश्न परत लिहिलाय, या वेळी फक्त ९० शब्द. दुसरी वाक्यरचना केलीय, 'वाटा ठेवणार का' च्या जागी 'जीएसटी लागू झाल्यापासून विडीवर वर्षवार किती महसूल जमा झाला' हे पहिलं विचारलंय, कारण पीए म्हणाला आकडा आधी हातात घ्या, मागणी मग करा. काल रात्री त्याला पाठवला. त्याचं उत्तर आलंय की अधिवेशनाच्या तारखा आल्या की पहिल्याच दिवशीच्या नोटिसांत टाकतो. आज साखर पेठेतल्या तीन घरी जायचंय, त्यातल्या एका आजीनं सांगून ठेवलंय की पासबुक सापडलंय, लवकर ये.